श्वास मंदावला आणि मी ‘सुधारणा’ असं लिहिलं

बाळ चार महिन्यांचं होतं. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याचा श्वास मिनिटाला ७२ चालला होता, बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती आणि श्वास सोडताना ते हलकं कण्हत होतं. ते कण्हणं ऐकून मला धीर आला. आवाज करतंय म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे, असा मोठ्या माणसाचा हिशेब मी लावला. रुग्णवाहिकेत घेतलं, ऑक्सिजन लावला आणि हाताच्या पाठीवर शीर शोधत बसले. गुबगुबीत हात, शीर दिसेना, सापडेना. दोनदा टोचलं. तेवढ्यात श्वास ३० वर आला. मी वेळ टाकून नोंद केली : श्वासाचा वेग कमी, सुधारणा.

सुधारणा कसली, बाळ दमलं होतं. दोन मिनिटांत सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, सत्तरच्या घरात उतरलं आणि ओठांभोवती राखाडी छटा आली. मी बॅग-मास्क घेतला, म्हणजे नाका-तोंडावर मास्क बसवून हाताने पिळायची हवेची पिशवी. छाती उचलेना. मास्क आणखी जोरात दाबला, तरी उचलेना. रुग्णालय जवळ होतं म्हणून निभावलं. तिथल्या सिस्टरनी बाळ ताब्यात घेतलं, एका टॉवेलची घडी करून त्याच्या खांद्यांखाली सरकवली, नाकातला शेंबूड ओढून काढला, हनुवटीचं हाड दोन बोटांनी वर उचललं आणि बॅग हलकेच पिळली. छाती वर आली. चार-पाच श्वासांत बाळाचा रंग पालटला.

ते बाळ बरं होऊन घरी गेलं. हे आधीच सांगते, कारण मला कोणी हा प्रसंग सांगितला असता तर पुढचं काहीही ऐकण्याआधी मी तेच विचारलं असतं.

मला पॅरामेडिक म्हणून तेव्हा सहा वर्षं झाली होती. हृदयविकार, पक्षाघात, अपघात, विषबाधा, सगळं पाहिलेलं. नवीन मुलांना मी शिकवत होते. आणि सिस्टरनी जे केलं त्यातलं एकही पाऊल मला ठाऊक नव्हतं असं नाही. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं. सपाट निजवलं की मान पुढे वाकते आणि श्वासनलिका दुमडते. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, म्हणून चोंदलेलं नाक त्याला जिवावरचं ठरू शकतं. कण्हणं म्हणजे श्वास सोडताना स्वरयंत्र अर्धवट मिटून फुप्फुसातले बारीक फुगे उघडे ठेवण्याची धडपड. बाळाचा ऑक्सिजनचा खप किलोमागे मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो, म्हणून ते काही सेकंदांत निळं पडतं. हे सगळं मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. त्या रात्री त्यातलं काहीच हातापर्यंत उतरलं नाही. मास्क बसवताना माझी बोटं जबड्याच्या हाडावर नव्हतीच, खालच्या मऊ भागात रुतली होती. जीभ टाळूकडे ढकलून वाट मीच बंद करत होते.

आमच्या गाडीवरच्या दादांना, म्हणजे माझ्या ड्रायव्हर-पार्टनरना, मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, लहान मुलाचा कॉल आला की माझा पायच ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. मला वाटतं लवकर पोचवलं की सुटलो.” नंतर मी एकेका सहकाऱ्याला विचारत गेले. जवळजवळ प्रत्येकाकडे असा एक कॉल होता, आणि तो कोणी कुठे नोंदवला नव्हता. कंट्रोलकडून वय कळलं की गाडीत बोलणं थांबतं, हा अनुभव सगळ्यांचा होता.

याचं कारण साधं आहे, पण त्याकडे नीट पाहिल्याशिवाय त्यावरचा उपाय सुचत नाही. आमच्या शंभर कॉलपैकी मुलांचे साधारण दहाच्या आसपास असतात. त्यातले बहुतेक ताप, पडणं-लागणं, किरकोळ धाप. जिथे बॅग-मास्कनं श्वास द्यावा लागेल किंवा छाती दाबावी लागेल, असं मूल एखाद्याला वर्षभरात एकदाही भेटत नाही. मोठ्यांच्या बाबतीत चुकत-माकत हात बसतो. मुलांच्या बाबतीत दोन प्रसंगांमध्ये इतकं अंतर पडतं की प्रत्येक वेळी पाटी कोरी. सहा वर्षांचा माझा अनुभव हा मोठ्यांचा सहा वर्षांचा अनुभव होता. मुलांचा काही तासांचाच.

मी वरिष्ठांकडे प्रशिक्षण मागितलं. दोन दिवसांचा कोर्स झाला, आणि तो खरोखर चांगला होता. सुरुवातीला एक फॉर्म भरायचा होता : अत्यवस्थ मूल हाताळण्याचा तुमचा आत्मविश्वास पाचपैकी किती? मी २ लिहिलं.

त्या दोन दिवसांतली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे दारातून बघायला शिकणं. मुलाला हात लावण्याआधी, मॉनिटर लावण्याआधी, अर्धा मिनिट लांबूनच तीन गोष्टी पाहायच्या. मूल कसं दिसतंय आणि वागतंय : अंगात ताठपणा आहे की कापडासारखं लुळं पडलंय, आईकडे बघतंय का, कुशीत घेतल्यावर शांत होतंय का, रडणं कसं आहे. दुसरं, श्वासाला किती कष्ट पडतायत : नाकपुड्या फुलतायत का, बरगड्या ओढल्या जातायत का, कण्हतंय का. तिसरं, कातडीचा रंग : फिकट, ठिपक्याठिपक्यांची की निळसर. एवढ्यावरून ‘हे मूल आजारी आहे’ आणि ‘हे मूल आत्ता मरणाच्या दिशेनं चाललंय’ यातला फरक करता येतो. माझ्या बाळाच्या बाबतीत हे तिन्ही दारातच दिसत होतं. मी आकडा पाहिला, बाळ पाहिलं नाही.

दुसरी शिकवण रक्तदाबाची. मूल रक्तस्राव झाला किंवा शरीरातलं पाणी कमी झालं तरी हृदयाचा वेग वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच वेळ टिकवून धरतं, आणि मग एकदम कोसळतं. रक्तदाब उतरण्याची वाट पाहणाऱ्याला उशीर झालेला असतो. थंड पडलेले हातपाय, दाबल्यावर रंग परतायला लागणारा वेळ, मंद होत जाणारी शुद्ध, हे आधी बोलतात. मुलांचं हृदय बहुतेक वेळा आपणहून बंद पडत नाही. श्वास हरतो किंवा रक्ताभिसरण ढासळतं, आणि मग शेवटी हृदय थांबतं. म्हणजे मोठ्यांच्या मानाने आपल्याला आधी थोडा वेळ मिळतो, आणि तो श्वासावरच खर्च व्हायला हवा. मी तो शिरेवर खर्च केला होता.

कोर्स संपताना पुन्हा तोच फॉर्म आला. मी ४ लिहिलं, आणि अगदी मनापासून लिहिलं.

चार महिन्यांनी, ड्यूटी सुरू होताना, कोर्सच्या प्रशिक्षक मॅडम न सांगता आल्या. गाडीच्या मागे एक वर्षाच्या मुलाएवढा पुतळा ठेवलेला. “श्वास नाही, नाडी लागत नाही, तुम्ही दोघी आहात. सुरू करा.” माझ्याबरोबर एक नवीन मुलगी होती. मी छाती दाबायला घेतली आणि ३० मोजून दोन श्वास मागितले. दोघं प्रशिक्षित असताना मुलांमध्ये १५ दाबांमागे दोन श्वास. मला हे माहीत होतं. तोंडातून तीसच निघत राहिले. मग ॲड्रेनलिन, थांबलेलं हृदय सुरू करण्यासाठीचं औषध. पुतळा १० किलोचा, म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे एकास दहा हजार या पातळ द्रावणाचा १ मिलिलिटर. मी एकास हजारच्या ॲम्प्युलमधून १ मिलिलिटर काढला आणि दिला. दसपट. कोणाच्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. आणि या सगळ्या वेळात बॅग पिळली जात होती पण पुतळ्याची छाती दर तिसऱ्या श्वासालाच वर येत होती.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी व्हिडिओ दाखवला आणि माझा चार महिन्यांपूर्वीचा फॉर्म समोर ठेवला. मला रडू आलं. त्या म्हणाल्या, “हे तुझ्या एकटीचं नाही. कोर्स संपताना सगळ्यांचाच आकडा वाढतो, आणि काही महिन्यांतच हात मागे पडतात. आकडा मात्र वरच राहतो. मला त्याचीच भीती वाटते.”

या वाक्यावर मी खूप दिवस विचार केला. पहिल्या कॉलच्या वेळी मी घाबरले होते आणि चुकले. पुतळ्यापुढे मी घाबरले नव्हते, तरी चुकलेच. म्हणजे भीती घालवणं हे काम अर्धवटच होतं. भीती गेलेला पण सराव नसलेला माणूस मदत मागत नाही, तपासून घेत नाही. मुलासाठी तो जास्त धोक्याचा आहे असं मला आज ठामपणे वाटतं.

मॅडमनी मला दोन गोष्टी मिळवून दिल्या. पहिली, मुलांच्या ऑपरेशन थिएटरमध्ये भूलतज्ज्ञांबरोबर सहा दिवस, पालकांची संमती घेऊन. हे सहा दिवस माझ्या नोकरीतले सर्वांत उपयोगी दिवस आहेत. पुतळ्याचा जबडा टणक असतो, लाळ नसते, गाल नसतात. खऱ्या मुलाचे गाल मास्कच्या कडेनं निसटतात. मास्क नाकाच्या दांड्यापासून हनुवटीच्या खाचेपर्यंत बसला पाहिजे आणि डोळ्यांवर येता कामा नये. अंगठा आणि तर्जनी मास्कवर, बाकीची बोटं फक्त हाडावर. आणि मास्क चेहऱ्यावर दाबायचा नाही, चेहरा मास्कमध्ये उचलून आणायचा. हे शेवटचं वाक्य मी याआधी दहादा ऐकलं असेन. ते खरं म्हणजे काय हे पहिल्या दिवशी चौथ्या मुलाच्या वेळी कळलं, जेव्हा भूलतज्ज्ञांनी स्वतःची बोटं माझ्या बोटांवर ठेवून ती दोन सेंटिमीटर वर सरकवली आणि गळती थांबली.

बॅग पिळण्याची लयही तिथेच बसली. “पिळा, सोडा, सोडा,” असं ते हळू आवाजात म्हणत. छाती हलकी उचलली की थांबायचं. जास्त हवा पोटात जाते, पोट फुगतं, छाती-पोटामधला पडदा वर दाबला जातो आणि पुढचा श्वास आणखी अवघड होतो. घाबरलेला माणूस नेमका जोरात आणि भराभर पिळतो. मी तेच करत होते.

एकदा मी त्यांना म्हटलं की श्वासनलिकेत नळी टाकायलाही शिकवा. त्यांनी शिकवलं, पण सोबत एक अभ्यास सांगितला. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिस आणि ऑरेंज या दोन काउंटींमध्ये १२ वर्षांपर्यंतच्या ८३० मुलांवर तो झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. रुग्णालयाबाहेर पॅरामेडिकनी काही मुलांना फक्त बॅग-मास्कनं श्वास दिला, काहींना नळी टाकण्याचाही प्रयत्न केला. नळीमुळे ना जास्त मुलं वाचली, ना मेंदूची अवस्था जास्त चांगली राहिली. मला यात केवढा दिलासा मिळाला सांगता येत नाही. ज्या कौशल्यावाचून मी स्वतःला अपुरी समजत होते त्याच्यापेक्षा ज्याला मी प्राथमिक समजत होते तेच नीट येणं गरजेचं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे आठवड्यातून एकदा, ड्यूटीच्या सुरुवातीला पंधरा मिनिटं. एक पुतळा, एकच काम. एका आठवड्यात फक्त मास्क. पुढच्या आठवड्यात फक्त हाडातली सुई, शीर सापडत नाही तेव्हा औषध द्यायची वाट : गुडघ्याखालच्या उंचवट्याच्या किंचित खाली आणि आतल्या बाजूला, सपाट हाडावर. सुरुवातीला दोघा-तिघांनी कुरकुर केली, कारण तेवढ्यात गाडीची तपासणीही करायची असते. दादा मात्र पहिल्या दिवसापासून आले. ड्रायव्हरनं मास्क धरला आणि मी बॅग पिळली तर दोन माणसांची पद्धत जमते आणि गळती जवळजवळ होतच नाही, हे आम्हाला त्यातूनच सापडलं. आज दादांचा मास्क माझ्यापेक्षा चांगला बसतो.

गणिताचं आम्ही एकच केलं. ते डोक्यातून काढून टाकलं. मुलाचा प्रत्येक डोस वजनावर, वजन कोणालाच नक्की माहीत नसतं, आणि दशांश चिन्ह एक घर सरकलं की दसपट औषध जातं. आता गाडीत रंगीत पट्ट्यांची मोजपट्टी आहे. १९८०च्या दशकात जेम्स ब्रोसलो या अमेरिकन डॉक्टरांनी ती काढली. लाल टोक डोक्याकडे ठेवून मुलाच्या टाचेशी जो रंग येतो त्यावरून वजनाचा अंदाज आणि साधनांचा आकार. पट्टी हाताशी नसेल तर पाच बोटं : १, ३, ५, ७, ९ वर्षं म्हणजे १०, १५, २०, २५, ३० किलो. कार्डावर डोस आम्ही मिलिग्रॅममध्ये नाही तर आमच्याच ॲम्प्युलच्या मिलिलिटरमध्ये लिहिलेत. आणि औषध देणारा मोठ्यानं बोलतो, दुसरा कार्ड वाचून ‘हो’ म्हणेपर्यंत सुई पुढे जात नाही.

पालकांबद्दल कोर्समध्ये एक स्लाइड होती. खरं तर त्यावर अर्धा दिवस द्यायला हवा. मी आधी आईवडिलांना पुढच्या सीटवर पाठवत असे, कारण त्यांच्या नजरेसमोर माझे हात कापत. आता आईला मुलाजवळच ठेवते. धाप लागलेलं मूल मांडीवरून ओढून स्ट्रेचरवर निजवलं तर ते रडतं, आणि रडण्यात उरलीसुरली ताकद जाते. मांडीवरच ऑक्सिजन नाकाशी धरला तर चालतं. आणि आई जेव्हा म्हणते, “हा असा कधी नसतो हो,” तेव्हा तेही मी नोंदीत लिहिते, तिच्याच शब्दांत.

पुढच्या वर्षी एक तीन वर्षांची मुलगी. झटके येऊन पंधरा मिनिटं झाली होती. दारातूनच दिसलं : दातखीळ, तोंडाला फेस, ओठ निळे. दादांनी तिला कुशीवर वळवलं, मी लाळ ओढून काढली, ऑक्सिजन. शीर शोधली नाही. तीन वर्षं, पंधरा किलो. झटके थांबवणारं मिडाझोलाम आमच्या कार्डाप्रमाणे ३ मिलिग्रॅम, म्हणजे ०.६ मिलिलिटर. मी मोठ्यानं म्हटलं, दादांनी कार्डावर बोट ठेवून “हो, शून्य पॉइंट सहा” म्हटलं, मांडीच्या स्नायूत दिलं. साखर तपासली, ठीक होती. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले.

आणि मग श्वास मंदावला. औषधामुळे असं होऊ शकतं हे माहीत होतं, तरी पोटात खड्डा पडला, कारण मॉनिटरवर आकडा हळूहळू उतरताना मी एकदा पाहिला होता आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला होता. या वेळी मी आकडा सोडून छातीकडे पाहिलं. उचलत नव्हती म्हणावी इतकीच उचलत होती. दादांनी दोन्ही हातांनी मास्क धरला, मी पिळा-सोडा-सोडा सुरू केलं. छाती वर आली. आई मुलीचा पाय धरून बसली होती. तिला मी दर मिनिटाला सांगत होते काय चाललंय ते. रुग्णालयाच्या दारात पोहोचेपर्यंत मुलगी स्वतः श्वास घ्यायला लागली होती आणि मास्कवर चिडून हात मारत होती.

सगळे कॉल असे संपले नाहीत. एक मूल आमच्या हातात गेलं. त्या दिवशी आम्ही सगळं बरोबर केलं होतं, मॅडमनी रेकॉर्ड पाहून तसं सांगितलंही. ते ऐकणं गरजेचं होतं. दादा त्यानंतर आठवडाभर सरावाला आले नाहीत, आणि कोणी त्यांना बोलावलं नाही. पुढच्या आठवड्यात ते आपणहून आले आणि मास्क घेऊन बसले.

या वर्षीच्या फॉर्मवर मी ३ लिहिलं. खाली जागा होती तिथे लिहिलं की श्वास आणि झटके यांबद्दल ४, नवजात बाळाबद्दल १. गाडीत प्रसूती झाली तर काय, हे मला अजून हाताने येत नाही. दहातल्या एखाद्या बाळाला जन्मल्यावर श्वास सुरू करायला काही ना काही मदत लागते : कोरडं पुसणं, ऊब, पाठ चोळणं. आणि तेवढ्यानं भागलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आतच बॅग-मास्क. मी आजवर तीन जन्म पाहिले. तिन्ही बाळं बाहेर येताच रडली, त्यामुळे मला काहीच करावं लागलं नाही आणि काहीच शिकायला मिळालं नाही. पुढच्या महिन्यात प्रसूती कक्षात पाच रात्री मागून घेतल्या आहेत. दादांनी स्वतःचंही नाव घालायला सांगितलंय.